ओसरीवरची जनावरं

अनसूयाबाईचं माहेर बार्शीटाकळीचं. वडील भिक्षुकी करत. घर गावाच्या अगदी शेवटी होतं आणि घरामागून बाभळी-बोरींचं रान सुरू व्हायचं, ते नजर पोचेल तिथवर. लहानपणी तिनं परसातून साळिंदराचे काटे वेचले होते, विहिरीजवळ आलेलं तडस पाहिलं होतं. हरणांचा कळप शेतातून उधळत गेला की इतर मुली घरात पळायच्या, ही कुंपणाकडे धावायची. लग्न होऊन अमरावतीला आली तेव्हा तिला सगळ्यात जास्त चुकल्यासारखं वाटलं ते ह्याच गोष्टीचं. शहरात जनावर म्हणजे बैल.

आणि त्या दिवसांत बैल तरी किती! तिकडे अमेरिकेत लढाई जुंपलेली, तिथला कापूस विलायतेला जाईनासा झालेला, आणि वऱ्हाडच्या कापसाला कुणी कधी ऐकला नव्हता असा भाव आलेला. बाजारापासून वेशीबाहेरपर्यंत गाड्यांची रांग लागे. रुईचे तंतू उडून घराघरात शिरत. कणीक मळताना अनसूयाबाईला ते वेचून काढावे लागत. ज्याच्याकडे नांगर होता त्यानं पडीक रान मोडलं, झुडपं जाळली आणि कापूस लावला. माहेराहून येणारे लोक सांगत की घरामागचं रान आता राहिलं नाही.

तिचे यजमान हरिहरपंत सरकारी शाळेत बिगरीच्या वर्गाला शिकवत. बिगरी म्हणजे स्वतःचं नाक पुसता न येणारी मुलं. दुसरे मास्तर वरचा वर्ग मिळावा म्हणून धडपडत. हरिहरपंतांना मात्र हीच मुलं आवडत. त्यांचं शिक्षण पुण्याकडे झालेलं, त्यामुळे बोलणं छापील. अनसूयाबाई ठार वऱ्हाडी. ती "काहून" म्हणाली की ते हसून "का म्हणून" असं म्हणत, आणि ती मुद्दाम आणखी दोनदा "काहून" म्हणे. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, उपासतापास करून झाल्यावर, त्यांना मुलगी झाली. तिचं नाव शकुन ठेवलं.

एके दिवशी हरिहरपंत शाळेतून हसतच आले. वर्गात त्यांनी विचारलं होतं, लांडगा कसा असतो? सगळ्यांचे हात वर. एक म्हणाला म्हशीएवढा असतो. एकानं त्याला शिंगं दिली. तिसरा म्हणाला, "त्याले दोन तोंडं रायतात, गुरुजी. एकानं रडते अन् एकानं खाते."

अनसूयाबाई खूप हसली. हरिहरपंतांनी मात्र पाय धुता धुता तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "ही मुलं ज्याला इतकी घाबरतात, तो प्राणी त्यांनी कधी पाहिलेला नाही. आणि पाहणारही नाहीत आता. रान कुठं उरलंय?"

कँपात मुंबईच्या एका कापूस कंपनीचा गोरा अडत्या राहत होता. त्याला शिकारीचा नाद. मारलेली जनावरं तो पेंढा भरून ठेवी. कुठल्याशा प्रदर्शनाला पाठवायची होती म्हणे. पेंढाही नव्हताच, वखारीत पडलेला रुईचा कचरा त्यात भरत. मग अमेरिकेतली लढाई संपली, भाव कोसळले, कंपनीनं कचेरी बंद केली आणि साहेब एका पेटीनिशी निघून गेला. बंगल्यात जनावरं तशीच उभी राहिली. कारकून ती उकिरड्यावर टाकायच्या बेतात होता. हरिहरपंतांनी ती मागितली, आणि आपल्या मागची पीडा गेली म्हणून कारकुनानं गाडीसुद्धा करून दिली.

कापसाच्या गाडीतून तडस, कोल्हा, बिबट, साळिंदर, एका कानाचं अस्वल आणि हरणाचं एक पाडस अशी सगळी मंडळी घरासमोर उतरली तेव्हा गल्ली गोळा झाली. एक घुबडही होतं. अनसूयाबाईनं पदर खोचून सांगितलं, "बाकीचे राहू द्या, पण हे घुबड माह्या घरात येणार नाई." घुबडाची रवानगी गोठ्यात झाली.

शेजारच्या माणिकबाईनं तर उंबऱ्याबाहेर येऊन आरडाओरडा केला. "मेलेल्या जनावरायचं कातडं बामनाच्या ओसरीवर! धर्म बुडाला तुमचा!"

अनसूयाबाई शांतपणे म्हणाली, "माणिकबाई, तुमचे मालक मृगाजिनावर बसून पूजा करतात. ते काय झाडाले लागलं होतं?"

माणिकबाई पाय आपटत आत गेली. पण तिचा नातू बंडू दुसऱ्याच दिवशी कुंपणाच्या फटीतून ओसरीवर येऊन बसला होता.

वर्गातली मुलं शाळा सुटली की येऊ लागली. त्यांच्या धाकट्या बहिणीही येऊ लागल्या, ज्यांना शाळेत कुणी घालणार नव्हतं. हरिहरपंत प्रत्येक मुलाला एकेका जनावराजवळ नेत, त्याचा हात हातात धरून अंगावरून फिरवीत. "इथं केस मऊ आहेत, इथं राठ. का असतील? हे पंजाखालचं मऊ कातडं बघ. चालताना आवाज होऊ नये म्हणून." त्यांचं म्हणणं असं की डोळ्यांनी पाहिलेलं मूल विसरतं, हातानं पाहिलेलं विसरत नाही. घरी जाताना मुलांनी आंघोळ करायची, एवढा नियम अनसूयाबाईनं घातला. तो सोवळ्याचा होता. पाळला तर पाळला.

वलगावकडच्या एका खेड्यातला जानराव नावाचा शेतकरी बाजाराला आला की हरिहरपंतांकडे टेके. त्यानं एकदा आपली मुलगी जयवंता आणली. तिची पाठ, म्हणजे शेळीचं पिल्लू, आदल्या उन्हाळ्यात तडसानं नेली होती. ओसरीवर पाय ठेवताच ती बापाच्या धोतरामागं लपली.

"ह्यानंच माही पाठ नेली का?" तिनं मागूनच विचारलं.

"ह्यानं नसेल. ह्याच्या भाऊबंदांपैकी कुणी असेल," हरिहरपंत म्हणाले. "ये, दात बघ त्याचे."

जयवंता आली. बराच वेळ तडसाच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग तिनं एक बोट पुढं करून दाताला लावलं, आणि झटकन मागं घेतलं, आणि पुन्हा लावलं.

"हे तं म्हातारं दिसते," ती म्हणाली. "दात झिजले याचे. याले दुसरं काही धरता येत नसन म्हून पाठ नेली असन."

जानराव मोठ्यानं हसला. हरिहरपंत हसले नाहीत. त्या दिवशी जेवताना त्यांनी हे वाक्य अनसूयाबाईला पुन्हा पुन्हा सांगितलं. इतके आनंदी ते तिनं कधी पाहिले नव्हते.

शकुनला त्या सगळ्यात पाडस आपलं वाटलं. ते तिच्याच उंचीचं होतं. ती त्याला गवत भरवी, स्वतःचा परकर नेसवी, दुपारी त्याच्या पोटाशी डोकं ठेवून झोपे. कान तोंडात धरून चघळायची खोड तिला लागली होती. अनसूयाबाई रागावली की सोडी, पाठ वळली की पुन्हा धरी. एकदा ओढाताणीत पाडसाच्या पोटाची शिवण उसवली. शकुननं असा हंबरडा फोडला की अनसूयाबाईनं हातातलं काम टाकून दाभण आणि जाड दोरा घेतला आणि तिथंच बसून टाके घातले. आतून रुई बाहेर आली, तिच्यासोबत पांढरी भुकटी सांडली. ती तिनं पदरानं झटकली. शकुन मांडीला मांडी लावून बसून विचारत होती, "त्याले दुखून नाई राहिलं ना?" तिच्या गालावरचे ओघळ अनसूयाबाईनं त्याच पदरानं पुसले.

दिवाळीच्या आसपास शकुनला उलट्या सुरू झाल्या. वैद्य म्हणाले जंत आहेत. औषधानं उतार पडला, पुन्हा सुरू झालं. मग हातापायांना मुंग्या येतात म्हणू लागली. वेणी घालताना केसांचे पुंजके हातात यायला लागले. अंगाचा रंग काळपट झाला. नखं काढताना अनसूयाबाईला दिसलं की प्रत्येक नखावर आडवी पांढरी रेघ आहे. नखावर पांढरं आलं की नवीन कपडा मिळतो, असं शकुननं कुणाकडून तरी ऐकलं होतं. ती हट्ट धरून बसली. हरिहरपंतांनी हिरवा खणाचा परकर शिवून आणला. तो नेसून ती दोन पावलं चालली आणि बसली.

आतल्या खोलीत तिचं मन रमेना. "मले पाडसापाशी न्या," म्हणे. हरिहरपंतांनी अंथरूण ओसरीवर हलवलं, आणि रोज शाळेतून आले की पाडस उचलून तिच्या कुशीत देत. ते कुशीत असलं की तिला झोप लागे. मार्गशीर्षात ती गेली.

सुतक फिटल्यावर हरिहरपंतांनी ओसरी पुन्हा उघडली. अनसूयाबाईनंही नको म्हटलं नाही. मुलांचा गलबला घरात आला की दोघांनाही दिवसाचा तेवढा तुकडा सोसवे. पाडस मात्र तिनं कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं.

संक्रांतीनंतर एका दुपारी दारात एक म्हातारा मुसलमान आला. वाळलेला, दाढी पांढरी, खांद्यावर झोळी. आपण एलिचपूरचे बन्नेमियाँ, साहेबाची जनावरं आपणच भरली होती, असं त्यानं सांगितलं. मास्तर घरी आहेत का? नव्हते. मग त्यानं पाणी मागितलं. अनसूयाबाईनं तांब्या आणला आणि त्याच्या ओंजळीत वरून धार धरली.

ओंजळीतलं पाणी पिऊन झालं तरी तिची धार थांबली नाही. ती त्याच्या नखांकडे पाहत होती. प्रत्येक नखावर आडवी पांढरी रेघ होती. हाताचे तळवे काळे पडलेले.

"हे काहून झालं तुमाले?" तिनं विचारलं.

"हे? हे आमच्या धंद्याचं हाय, बाई. कातडं किड्यायनं खाऊ नाई म्हून आतून सोमल लावा लागते. साबणात कालवून. थोडा हाताले लागतेच."

"सोमल म्हणजे उंदरायले घालतात तो?"

"तोच. त्याच्याचसाठी आलो मी. आज बाजारात आयकलं का मास्तरनं ते जनावरं पोट्ट्यायले खेळाले देल्ले म्हून. बाई, ते हात लावाचे जनावर नोयत. मी साहेबाच्या कारकुनाले सांगतलं होतं. त्यानं तुमाले सांगतलं का नाई?"

अनसूयाबाई खाली बसली. तांब्या तिच्या हातून सुटून कलंडला. बन्नेमियाँनं ओसरीवर नजर टाकली. जनावरं पाहिली, कोपऱ्यातलं पाडस पाहिलं, मग वलणीवर अजून वाळत घातलेला लहान हिरवा परकर पाहिला. अनसूयाबाई तो दर आठवड्याला धूत होती.

"किती मोठी होती?" त्यानं हळू विचारलं.

तिनं हातानं उंची दाखवली. म्हातारा तिथंच मातीत बसला आणि त्यानं तोंड झाकून घेतलं. "या अल्ला," एवढंच तो म्हणत राहिला.

शाळा सुटायला थोडा वेळ होता. मुलं येणार होती. अनसूयाबाईच्या डोक्यात त्या वेळी फार विचार आले असं नाही. एकच आला आणि तो हलेना. अंथरूण हरिहरपंतांनी हलवलं होतं. रोज पाडस उचलून त्यांनीच तिच्या कुशीत दिलं होतं. हे त्यांना कळलं तर हा माणूस जगणार नाही. आणि त्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती, जिच्याकडे तिला पाहवत नव्हतं. पदर.

ती उठली. "बाबा," ती म्हणाली, "हे सारे आत्ता घेऊन जा. कोठी तरी खोल पुरा. अन् माह्या मालकायले कधी भेटू नका. माह्या पोरीची शपथ हाय तुमाले."

बन्नेमियाँनं गाडी आणली. ती स्वतः उचलू लागली. मग ती माणिकबाईच्या दारात गेली आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुमीच खऱ्या होत्या. त्या मेलेल्या जनावरायनं माही पोर खाल्ली. कोणाच्या लेकराले माह्या ओसरीवर पाठवू नका." माणिकबाईनं तिला जवळ घेतलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या पेठेत ही गोष्ट गेली.

हरिहरपंत आले तेव्हा ओसरी सारवून झाली होती.

"कुठं गेली?"

"देऊन टाकली. घरात नको होती मले. त्यायचा दोष लागला आपल्याले."

त्यांनी रिकाम्या ओसरीवरून नजर फिरवली. मग म्हणाले, "माणिकबाई असं म्हणाल्या तर मी समजू शकतो. पण तू?"

हरिहरपंत रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते रागावले नाहीत. त्या दिवसापासून ते तिच्याशी लागेल तेवढंच बोलू लागले: मीठ, पाणी, धोतर. "काहून"ची थट्टा बंद झाली. शकुनचं नाव तर दोघांपैकी कुणीच घेईना. त्यांना वाटे, जिला आपण जिवाभावाची समजत होतो ती आपली बायको पोरीसोबतच गेली. ही दुसरीच कुणी घरात आहे. आणि तिला हे दिसत होतं. शेजारणी तिला शहाणी झाली म्हणत, हळदीकुंकवाला आवर्जून बोलावत. ती जाई आणि मान खाली घालून बसे.

काही काळानं हरिहरपंतांची बदली अकोल्याला झाली. तिथं आता आगगाडी येत होती, कापसाचे दाबखाने उभे राहत होते, मोर्णेच्या काठानं नवी नवी घरं होत होती. त्यांनी नेटानं बिगरी चालवली, पण घरी आले की भिंतीकडे पाहत बसत.

एका सकाळी अनसूयाबाई देवाच्या वाती वळत बसली होती. हरिहरपंत बाहेरून आले ते थेट तिच्यासमोर येऊन बसले. दोन वर्षांत असे बसले नव्हते.

"ऐक. तुला आवडणार नाही, पण ऐक. एक साहेब विलायतेला परत चालला आहे. त्याच्याकडची भरलेली जनावरं तो शाळेला देतो आहे. बिबट आहे, नीलगायीचं डोकं आहे, रानमांजर आहे. मी शाळाखात्याच्या कचेरीत सांगितलं, नुसती मांडून ठेवण्यात अर्थ नाही, मुलांना हात लावू द्यायला हवा. ते कबूल झाले. उद्यापासून..." ते जरा पुढं सरकले. "अनसूये, तुझा विश्वास काहीही असो, मला एवढं करू दे. मला दुसरं काही उरलेलं नाही."

तिच्या हातातली वात तुटली.

"हात नका लावू देऊ," ती म्हणाली.

"पुन्हा तेच..."

"सोमल असते त्यायच्यात." आणि मग तिनं सगळं सांगितलं. बन्नेमियाँ, पाण्याची धार, नखं. मधे कुठंही ती रडली नाही. हरिहरपंत ऐकत होते. त्यांचा चेहरा हळूहळू राखेसारखा झाला.

"अंथरूण मी हलवलं होतं," ते म्हणाले.

"त्याच्या आधीच लागलं होतं तिले. शिवण म्या घातली. भुकटी म्याच पदरानं झटकली. त्याच पदरानं तिचं तोंड पुसलं. तुमी तं नुसतं पाडस देल्लं. म्या इष आपल्या हातानं..." इथं मात्र तिला पुढं बोलता आलं नाही.

हरिहरपंतांनी तिचा हात धरला नाही, समजूतही घातली नाही. त्यांनी विचारलं, "आणि मी आज हे तुला सांगितलंच नसतं तर? उद्या ती मुलं..."

"हाव," ती म्हणाली. "माह्यामुळं."

"आणि अमरावतीची मुलं? त्यांच्या घरी कुणाला सांगितलंस?"

"नाई."

ते उठले, पगडी घातली आणि तसेच उन्हात कचेरीकडे गेले. तिथं आधी त्यांना कुणी दाद दिली नाही. मघा तुम्हीच हात लावू द्या म्हणत होतात ना, असं म्हणून हसले. ते संध्याकाळपर्यंत दारातून हलले नाहीत. शेवटी जनावरं शाळेच्या कडेच्या खोलीत ठेवून दाराला कुलूप घालायचं ठरलं. खोलीला गजांची एक मोठी खिडकी होती. मुलांनी बाहेर उभं राहून पाहावं, गजांना बारीक जाळी बसवावी. जाळी बसेपर्यंत हरिहरपंत रोज स्वतः खिडकीशी उभे राहत.

मग एका सुटीला ते दोघं अमरावतीला निघाले. चल, असं त्यांनी म्हटलं नव्हतं. तीच बोचकं बांधून तयार राहिली. बडनेऱ्याला आगगाडीतून उतरून त्यांनी दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, केली. ज्या ज्या घरातली मुलं ओसरीवर येत त्या त्या घरी गेले. हरिहरपंत उभ्यानं सांगत: जनावरांच्या अंगात विष होतं, मला ते माहीत नव्हतं, तुमच्या मुलाला मी हात लावायला शिकवला. एका घरात त्यांना शिव्या बसल्या. एका घरात लोकांनी फराळाचा आग्रह केला आणि गोष्ट नीट समजूनच घेतली नाही. बरीच मुलं धडधाकट होती, गल्लीत विटीदांडू खेळत होती.

माणिकबाईच्या घरी बंडू दिसला नाही. अनसूयाबाईनं विचारलं. तो गेल्या पावसाळ्याच्या आधीच्या पावसाळ्यात गेला होता. पोटाचं दुखणं झालं, चार दिवस उलट्या झाल्या, आणि गेला. गावात पटकी होती त्या साली, कितीतरी लेकरं गेली.

हरिहरपंतांनी जे सांगायचं ते सांगितलं. माणिकबाई भिंतीला टेकून ऐकत होती. तिचे ओठ हलत होते.

"पटकीच होती," ती म्हणाली. "वैद्यानं सांगतलं."

"पटकीच असन," अनसूयाबाई म्हणाली. "तो गेला तवा जनावरं जाऊन साल उलटलं होतं."

"मंग मले काहून सांगाले आल्या तुमी?" माणिकबाईनं वर पाहिलं. "म्या त्याले देवाच्या हवाली केलं होतं. आता मी रोज इचार करत बसू का? तू आली नसती तं बरं झालं असतं, अनसूये."

अनसूयाबाईनं वाकून तिच्या पायांना हात लावला. माणिकबाईनं पाय आत ओढून घेतले. बाहेर आल्यावर हरिहरपंत ओट्याचा आधार घेऊन थोडा वेळ उभे राहिले, मग पुढच्या घराकडे निघाले.

शेवटी जानरावच्या खेड्यात गेले. कापसाचा भाव उतरल्यापासून त्यानं अर्ध्या शेतात पुन्हा ज्वारी घातली होती. जयवंता सासरी गेली होती, खुशाल होती. सगळं ऐकून जानराव खूप वेळ जमिनीवर काडीनं रेघा ओढत बसला.

"गुरुजी," तो म्हणाला, "माही पोर आता रानात एकटी जाते, भेत नाई. ते तुमच्याच घरी शिकली. अन् तुमची पोर तं..." त्यानं काडी टाकून दिली. "मले बोलता येत नाई. जेवून जा."

तो आग्रह मोडवेना. ते जेवले. जानरावच्या बायकोनं भाकरी वाढता वाढता अनसूयाबाईच्या पाठीवरून हात फिरवला, तेव्हा ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळ्यानं रडली. हरिहरपंतांनी ताटावरून मान वर केली नाही. त्यांच्याही पानातली भाकरी तशीच राहिली.

परतीच्या गाडीत दोघं समोरासमोर बसले होते. डब्यात रुईचा वास भरला होता. कुणी व्यापारी झोपला होता, एक बाई तान्ह्या मुलाला थोपटत होती. बाहेर दोन्हीकडे सपाट काळी शेतं, मैलोगणती, आणि त्यांच्यावर ऊन.

"ती मला घरात काय म्हणायची, आठवतं?" हरिहरपंतांनी अचानक विचारलं.

अनसूयाबाईला आधी कळलं नाही, कोण ते. मग कळलं.

"गुरुजी," ती म्हणाली. "सारे पोट्टे गुरुजी म्हणत म्हून तीबी गुरुजी म्हणे. म्या किती सांगतलं, अवं बाबा म्हण."

"एकदा माझ्यासमोर हात पुढं करून उभी राहिली. मला छडी मारा, म्हणाली. कारण काय, तर बंडूला मारली, मला का नाही."

"मंग मारली का तुमी?"

"हळूच. तर रागावली. जोरात मारा, म्हणाली."

अनसूयाबाई हसली आणि तिचे डोळे भरले. हरिहरपंत खिडकीबाहेर पाहत होते. मूर्तिजापूर मागं पडलं तसे ते तिच्या बाजूला येऊन बसले, आणि अकोला येईपर्यंत दोघं शकुनबद्दल बोलत राहिले.